सुईकडे पाठ केलेला पक्षी

कल्पना करा, तुमच्यासमोर कोमट पाण्याची ताटली आहे. तिच्यात तुम्ही स्टिकरच्या खास कागदावर छापलेलं चित्र सोडलंय. कागद आधी गुंडाळला जातो, मग हळूच सरळ होतो. अर्ध्या मिनिटात चित्र सुटं होतं, पण ते एकटं उचलायचं नाही. कागदासकट जागेवर न्यायचं, बोटाने अलगद दाबून धरायचं आणि खालचा कागद ओढून घ्यायचा. जागेवर उरतं ते कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ चित्र. जरा घाई केलीत की सुरकुती पडलीच.

शिलाई मशीन दुरुस्त करणारे काका त्या दुपारी अशीच ताटली समोर घेऊन बसले होते. दुकानामागच्या खोलीत ते एकटेच राहत. बोलायला घरात मशिनंच. "आता कुरकुर केलीस तर बघ," असं ते एखाद्या हट्टी मशीनला दटावत, आणि तेवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं.

समोरचं काळं मशीन आईचं, तिच्यामागे ताईचं झालेलं. आई गेल्यावर 'चार दिवसांत तेलपाणी करून आणतो' म्हणत त्यांनी ते ताईच्या घरून उचललं होतं. त्या चार दिवसांची बावीस वर्षं झाली. ताईने मागितलं नाही, यांनी दिलं नाही. आधी येणंजाणं थांबलं, मग फोनही. आता मशीन नव्यासारखं करून पाठवलं, तर ताई निदान बोलेल, एवढीच काकांची आस होती.

अडलं होतं पक्ष्यापाशी. आईचा तळहात टेकून टेकून मशीनवरचा सोनेरी पक्षी पार पुसला गेला होता. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाचं तसंच मशीन आलं, तेव्हा काकांनी ट्रेसिंग कागदावर पक्षी उतरवून घेतला होता.

"काका, सरळच छापू ना?" शेजारच्या झेरॉक्सवालीने विचारलं होतं.

"उलटं छाप. गेल्या खेपेला पिशव्यांवर इस्त्रीने छाप उठवला, तर सगळी अक्षरं आरशात बघितल्यासारखी आली. मी काय दरवेळी हसं करून घेऊ?"

पहिला पक्षी पारदर्शक कागदावर छापला. काळ्या मशीनवर त्याचा पिवळा रंग दिसेचना. दुसरा पांढऱ्या पाठीच्या कागदावर छापला, पण शाई पाण्यात विरघळली. तिसऱ्यावर वॉर्निशचे तीन हात फवारले, वाळवले, आणि नखं कापायच्या कात्रीने पिसापिसाच्या कडेने कापलं.

तो तिसरा पक्षी बसला. काकांनी ओल्या कापसाने खालचं पाणी मधून कडेकडे सारलं, फोटो काढला आणि ताईला पाठवला.

फोन लगेच वाजला.

"बाळ्या, अरे शहाण्या, हा पक्षी तोंड फिरवून कुठे निघाला?"

"म्हणजे?"

"आपला सुईकडे बघायचा. आई शिवायला लागली की मला वाटायचं, तो टाके मोजतोय. तू तर त्याला सुईकडे पाठ करून बसवलंस!"

काकांनी खणातून ट्रेसिंग काढून मशीनशेजारी धरलं. ताईचंच खरं होतं. इस्त्रीने उठवताना कागद पालथा पडतो, म्हणून चित्र उलटं छापावं लागतं. इथे ते कागदावरून जसंच्या तसं सरकून बसतं, म्हणून सरळच छापायला हवं होतं. तीस वर्षं कामात मुरलेला कारागीर, आणि एवढं ध्यानात आलं नाही.

"पुन्हा करतो," ते म्हणाले. "ताई, तू कशी आहेस?"

"आहे. दूध उतू जाईल, ठेवते."

फोन बंद झाला. काकांनी चिकटपट्टी लावून तो पक्षी ओढून काढला आणि ट्रेसिंग घेऊन ते शेजारी गेले. झेरॉक्सवाली जेवायला गेली होती. बंद दारासमोर ते कागद धरून उभे राहिले. ताईला पक्ष्याची नजरसुद्धा आठवत होती. मग इतक्या वर्षांत तिने एकदाही 'माझं मशीन दे' असं का म्हटलं नसेल?