नववं झाकण

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी मी कुवेतमधल्या सुलैबियाच्या पलीकडचं मैदान इतकं स्वच्छ केलं की त्यावरचा अख्खा खेळच पुसला गेला.

खेळ डिस्क गोल्फचा. लांबून प्लास्टिकची थाळी फेकत न्यायची आणि लोखंडी टोपलीवर लोंबणाऱ्या साखळ्यांत अडकवून टोपलीत पाडायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. गोल्फच तो, फक्त श्रीमंती वजा. आमच्या मैदानाला नऊ टोपल्या. उन्हाळ्यात तिथं काहीच नसतं, कारण जूनमध्ये साखळीला हात लावला तर हात साखळीलाच राहील. रखरख सरली की नोव्हेंबरात टोपल्या येतात आणि मार्चमध्ये परत जातात. त्या आणायच्या, लावायच्या आणि न्यायच्या इद्रीसचाचांनी.

इद्रीसचाचा दाभोळच्या खाडीकाठचे, सुलैबियातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. बत्तीस वर्षं कुवेतमध्ये काढली, त्यातली बरीचशी जलीबच्या एका खोलीत पाच जणांबरोबर. मी सुयोग, औशाचा, हवल्लीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासतो. म्हणून ते मला ‘मास्तर’ म्हणायचे. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो ना!

तर त्या शुक्रवारी चाचा नऊला पिकअप घेऊन येणार होते. मी साडेसहालाच हजर. शाळेत श्रमदानात माझा पहिला नंबर यायचा, ती खोड गेलेली नाही. पाण्याच्या बाटल्या उचलल्या, शेगड्यांचा कोळसा उचलला. वाळूत रुतलेली दूधपावडरच्या डब्यांची नऊ गंजकी झाकणं निघाली, प्रत्येक झाकण हातभर सळईनं जमिनीत ठोकलेलं. ती उपटताना घाम निघाला. कचरा इतका घट्ट ठोकून कोण टाकतं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. वरून मी दाताळं फिरवलं आणि ग्रुपवर फोटो टाकला : ‘मैदान चकाचक!’

चाचा आले, उतरले, जमिनीकडे बघत दहा पावलं चालले. मग पोत्याकडे आले आणि एक झाकण बाहेर काढलं.

“हे कुणी काढलं?”

“मीच. नऊच्या नऊ,” मी छाती काढून म्हटलं.

“डोळ्याच्या दवाखान्यात कामाला हायस ना तू?”

“हो.”

“मग तिथं कुणाचे डोळे तपासतंस? माझ्या बकऱ्याला पण कळलं असतं, ठोकलेली वस्तू कचरा नसते.”

झाकणं म्हणजे टोपल्यांच्या जागा होत्या. दरसाल आम्ही खेळायला यायच्या आधीच त्यांच्यावरून टोपल्या उभ्या राहायच्या. आता झाकणं होती आणि जागा नव्हत्या. भोकं शोधायला गेलो, तर माझ्या दाताळ्यानं तीही बुजवलेली.

मी म्हटलं, “चाचा, अंदाजानं लावू. चार पावलं इकडं की तिकडं, कुणाला कळणार?”

ते पिकअपच्या पायरीवर बसले. चिडले असते तर बरं झालं असतं.

“मला कळेल,” ते म्हणाले.

बारा वर्षांपूर्वी एक कुवेती मास्तर फोनवर चित्र घेऊन वर्कशॉपमध्ये आला होता, असल्या नऊ टोपल्या कर म्हणून. चाचांनी केल्या आणि पोचवायला गेले, तर खेळणारी मंडळी नकाशावरून भांडत बसलेली. शेवटी त्या मास्तरानं यांनाच विचारलं, तुम्हीच सांगा, कुठं लावू?

“बत्तीस वर्षांत फाटकं केली, जिने केले, कठडे केले. सगळी दुसऱ्यानं आखलेली. कुठं लावू, हे मला एकदाच कुणी विचारलं,” चाचा म्हणाले. “मार्चचं तिकीट हातात हाय माझ्या. जाईपर्यंत तरी ते मैदान तसंच हवं होतं मला.”

मी दाताळं गाडीत टाकलं.

थोड्या वेळानं तेच उठले. “बाबांची होडी होती आमच्या. पाण्याखाली खडक कुठं हाय ते वरून दिसत नाय. मग ते किनारा बघायचे. मशिदीचा मिनार त्या मोठ्या आंब्यावर आला, ही एक रेघ. दीपमाळ डोंगराच्या खाचेत बसली, ही दुसरी. दोन रेघा कापल्या की खाली खडक. जाळं वाचवायचं. ह्या टोपल्या मी तशाच लावल्या होत्या. झाकणं मागनं ठोकली, डोळा अंधूक व्हायला लागला तेव्हा.”

त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशन गावी जाऊन करणार म्हणायचे. मी दवाखान्यात करा म्हणून दोन वर्षं मागे लागलो होतो.

“मला खुणा पाठ हायत, दिसत नायत. तुला दिसतायत, पाठ नायत. चल मास्तर. पाण्याची तिसरी टाकी दिसते?”

“दिसते.”

“तिच्या पोटात विजेचा मनोरा घाल.”

“कसा घालू?”

“तू चाल रे. मनोरा आपोआप जातो.”

मी चाललो, आणि खरंच, पावलागणिक मनोरा सरकत सरकत टाकीच्या पोटात शिरला. “गेला!” मी ओरडलो.

“आता तीच रेघ धरून मागं मागं ये. डावीकडं मिनार. तो पांढऱ्या गोदामाच्या कोपऱ्याला चिकटला की थांब.”

थांबलो. पायानं वाळू उकरली, तर चार बोटं खाली सळईचं भोक. श्रमदानात पहिला नंबर यायचा तेव्हापेक्षा मी जास्त खूश झालो. चाचांनी झाकण ठेवलं आणि मला हातोडा दिला. “ठोक. तूच उपटलंस.”

सव्वाअकरापर्यंत आठ झाकणं बसली. नववीला मी अडलो.

“मिनाराच्या मागं मोबाइलचा लाल-पांढरा मनोरा,” चाचा म्हणाले.

“नाही.”

“नीट बघ.”

मी नीट बघितलं. तिथं नुसतं आभाळ होतं. उन्हाळ्यात कधीतरी कुणीतरी तो काढून नेला होता. दुसरी रेघ शाबूत होती, पण एका रेघेवर दोनशे पावलं मैदान पडलं होतं. चाचा त्या रेघेवरून चालले, तीन ठिकाणी उभे राहिले, तिन्ही ठिकाणी मान हलवली. मी खाली बसून उकरत सुटलो.

“पुरे. कोंबडी हायस काय?” ते म्हणाले. “बाबांचा डोंगर कुणी उपटून नेला नाय कधी. इथं खूणसुद्धा कॉन्ट्रॅक्टवर असते.” जुम्म्याची वेळ होत आली होती. नववी टोपली तिथंच कुठंतरी उभी केली. “झाकण मात्र ठोकू नको. ही जागा नाय.”

मग सगळा हिवाळा आम्ही ती टोपली हलवत राहिलो. दर शुक्रवारी दहा पावलं मागे, पाच पुढे. खेळणारे वैतागले. चाचा थाळी फेकायचे, साखळी खणकन वाजायची आणि ते म्हणायचे, “नाय.” गावाहून फखरुन्निसाचाची फोनवरून विचारायच्या, ताटं फेकून पोट भरतंय का तुमचं? चाचा म्हणायचे, एक जागा हरवलीय, सापडली की येतो. ती सापडली नाही, आणि तिकिटाची तारीख आली.

मार्चमध्ये टोपल्या पिकअपमध्ये चढवल्यावर त्यांनी नववं झाकण आणि सळई माझ्या हातात दिली.

“आता माझी जागा शोधू नको. तू बघ. दोन खुणा धर, न हलणाऱ्या. ठोकलंस की मला सांग, कुठल्या धरल्या.”

“पुढच्या नोव्हेंबरात पहिल्याच शुक्रवारी,” मी म्हटलं.

नोव्हेंबर आला. आठ टोपल्या मी एकट्यानं लावल्या, दाताळं न नेता. नववीसाठी रेघेवर उभा राहून चारी बाजूंना बघतो. मिनार आहे, टाक्या आहेत, बाकी सगळ्यांना नवे मजले फुटतायत. न हलणारं काय, ते ठरत नाही. माझा स्वतःचा करार दोन-दोन वर्षांचा.

चाचांचं ऑपरेशन झालं. परवा फोनवर म्हणाले, “खाडीपलीकडचं झाड न् झाड दिसतंय. तुला कुठं ठोकायचं दिसलं काय, मास्तर?”

कुठल्याही दोन खुणा सांगितल्या असत्या, तरी ते इथं येऊन बघणार नव्हते.

“बघतोय, चाचा,” मी म्हटलं.

“बघ, बघ. नोव्हेंबर संपला, म्हणून आठवण देतो.”

झाकण दवाखान्यात माझ्या खणात आहे, काचांच्या पेटीशेजारी. सळई खणात मावत नाही, म्हणून ती दाराआड उभी आहे. सफाईवाल्याला मी दोनदा सांगून ठेवलंय, तो कचरा नाही.