आधी आडनाव, मग रूमची चावी

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. फिरतीवरून घरी आल्यावर बॅगेच्या तळाशी मोजे सापडतात तसे ते सापडतात, आणि कुठल्या गावाहून आले तेही आठवत नाही.

आम्ही तिघं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलमधले भुईकाटे तपासतो. म्हणजे कापसाचा अख्खा ट्रक ज्यावर चढवून वजन करतात, ते काटे. हंगामात जळगाव-धुळे पालथं घालतो. मी पुण्याचा, चहाची वेळ चुकली की दिवसभर कुरकुरणारा. साळुंखे नाना सगळ्यात जुने, गाडीही तेच चालवतात. तिसरा महेश पाटील, अमळनेरकडचा, वय छत्तीस, लग्न व्हायचंय. हे खरं तर मी सांगायची गरज नाही. खानदेशात कोणीही ते पाच मिनिटांत काढून घेतं.

ऑफिसने लॉज बंद करून ‘घरगुती मुक्काम, नाश्त्यासह’ सुरू केलं. एखाद्या घरातली रिकामी खोली, सकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरातला नाश्ता. कल्पना चांगली आहे. पण तेव्हापासून मी गोंधळलेलाच आहे.

*

पहिलाच मुक्काम पाचोऱ्याजवळ. घरमालक आबा चावी हातात धरून ओट्यावर बसलेले.

“गाव कोनतं?”

“पुणे.”

“ते नोकरीनं. मूळ गाव?”

“मूळही पुणेच.”

आबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मोर्चा महेशकडे वळवला. आडनाव, गाव, मामाचं गाव. चौथ्या प्रश्नाला धागा जुळला. महेशची मावशी आबांच्या साडूच्या गावात दिलेली निघाली.

“मंग तू ते घरना शे!”

परिणाम असा झाला की खोली मला आणि नानांना मिळाली, आणि महेशची खाट पडली आबांच्या खाटेशेजारी. मी म्हटलं, “आबा, बुकिंग याच्याच नावावर आहे.”

“घरना मानूसले खोली कसाले?”

सकाळी आमच्यापुढे ट्रेमधून टोस्ट आले. महेशला चुलीपाशी बसवून गरम भाकरी, ठेचा आणि वर दही. मान नक्की कोणाला मिळाला, हे नानांना आणि मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

वरणगावकडच्या एका अक्कांना मी आधीच फोन करून सांगितलं होतं, “जरा कमी तिखट करा, मला सोसत नाही.” अक्कांनी शब्द पाळला. शेवभाजीची दोन पातेली पुढे आली.

“हाई तुमनी, कमी तिखट. हाई यासनी.”

मी माझ्यातली खाल्ली आणि डोळ्यांतून धारा लागल्या. नाना म्हणाले, पातेली बदलली असतील. मी दुसऱ्यातली खाल्ली. कान वाजायला लागले. अक्का बिचाऱ्या स्वतःच गोंधळल्या. त्यांनी एकातली चव घेतली, मग दुसऱ्यातली, मग पुन्हा पहिल्यातली. बराच विचार केला.

“दोन्ही कमीच शे,” म्हणाल्या, आणि माझ्याकरता ठेचा वाढायला आत गेल्या.

*

जळगावजवळ एका शेठजींच्या घरी उतरलो होतो. राजस्थानातून चार पिढ्यांपूर्वी आलेलं जैन कुटुंब, माणसं मोठी मायाळू. त्यांची एकच अट होती, जेवण सूर्यास्ताच्या आत. पहिल्या दिवशी आम्ही साडेसातला हात धुऊन बसलो आणि शेठाणीबाईंनी हळहळत दूध पुढे केलं.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी धसका घेतला. जिनिंगमध्ये पाच वाजले की ते आकाशाकडे बघायला लागायचे. “साहेब, सूर्य चालला खाली. आवरा.” आम्ही काट्यावरची वजनं तशीच टाकून पळायचो. मिलचे मॅनेजर दोन दिवस हे बघत होते.

चौथ्या दिवशी गेटबाहेर दुपारीच ट्रकांची ही रांग. मॅनेजर म्हणाले, “सूर्य बुडाल्यावर काटा खोटा दाखवतो ना? तुमच्याकडे बघूनच ओळखलं. सगळ्यांना कळवून टाकलं.”

मी तासभर समजावलं. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि मधेमधे घड्याळ बघत होते.

*

आता महेशचं सांगतो, कारण पुढचं त्यावर आहे. पोरगा सोन्यासारखा. पाच एकर जमीन, नोकरी, व्यसन नाही. पण मुलींना नवरा घरी राहणारा हवा, आणि हा महिन्यातले वीस दिवस बाहेर. प्रत्येक ठिकाणी फोटो आवडायचा आणि फिरती नडायची. त्याची आई आधी रोज फोनवर विचारायची, “काय झालं रे?” मग तिने विचारणंच सोडलं. ते त्याला जास्त लागलं. मला वाईट वाटायचं, पण बोलून काय उपयोग? तो बॅगेत बायोडाटाच्या झेरॉक्स घेऊन हिंडायचा, कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही म्हणून.

धुळ्याच्या मुक्कामात घरमालक भाऊंनी ओळखपत्राची झेरॉक्स मागितली. महेशने घाईत भलतीच दिली. भाऊ चष्मा लावून आत गेले ते अर्ध्या तासाने आले. मागे त्यांच्या मिसेस.

“सगळं वाचलं,” भाऊ म्हणाले. “शिक्षण चांगलं आहे. मंगळ नाही. तुम्ही वरची हवेशीर खोली घ्या.”

माझं ओळखपत्र त्यांनी बघितलंही नाही. मला जिन्याखालची खोली मिळाली.

*

आणि हा शिंदखेड्याचा.

आम्ही सकाळी दहाला पोचलो. दारात रांगोळी, ओट्यावर नवी सतरंजी, खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. धोतर-टोपीतले घरमालक, हेही भाऊच, धावत पुढे आले. “या, या. बठा.” पाय धुवायला पाणी, मग सरबत. मी नानांना म्हटलं, ही खरी सर्व्हिस.

भाऊंनी विचारपूस सुरू केली. आडनाव, गाव, मामाचं गाव, शेती किती, भावंडं किती. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. हे तर प्रत्येक मुक्कामी होतं! महेश पाठ केल्यासारखा उत्तरं देत होता.

मग त्यांची मुलगी पोहे घेऊन आली. ट्रे ठेवून समोरच्या खुर्चीवर बसली. महेशच्या हातातला चमचा थांबला. त्याच्या ध्यानात आलं होतं. माझ्या आलं नव्हतं. मी चहाचं विचारणार होतो, नानांनी माझा पाय दाबला.

भाऊ म्हणाले, “काही इचारनं व्हई ते इचारा.”

महेश खाली बघत म्हणाला, “यांनाच काही विचारायचं असेल तर विचारू दे.”

मुलीने मान वर केली. “फिरती किती दिवस?”

“महिन्यातले वीस.”

खोटं सांगता आलं असतं. मी तर सांगितलं असतं.

“मग घरी कोण असतं?”

“आई. एकटीच.”

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. फेटेवाले दोन काका, एक पोरगा आणि पेढ्यांचा पुडा उतरला. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“मंग तुम्ही कोन शेतस?”

मी मोबाईलवरचं बुकिंग दाखवलं. वरची खोली भाड्याने देण्याचं सगळं त्यांचा मुलगा नाशिकहून बघायचा, आणि आजचं सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. भाऊंना कुठे तोंड लपवू असं झालं. त्यांनी स्वतः आमच्या बॅगा उचलून वर नेल्या, पाच वेळा माफी मागितली आणि खऱ्या पाहुण्यांकडे खाली धावले. जाताना रजिस्टर ठेवून गेले. मी तिघांची नावं लिहिली. प्रत्येकापुढे मुक्काम, एक दिवस.

महेश खाटेवर बसून होता. पोह्यांची बशी त्याने वर आणली होती, खाल्ली मात्र नव्हती. “पाटील, सोडून दे,” नाना म्हणाले. खालून हसण्याचे, कपबशांचे आवाज येत होते.

अर्ध्या तासाने मुलगी वर आली. तीच साडी. कोणाकडे न बघता तिने रजिस्टर उचललं, नावांवरून बोट फिरवलं आणि महेशच्या ओळीवर थांबली.

“एक दिवसात काय समजस?” ती म्हणाली.

माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, एकवर काट मारली, शेजारी तीन लिहिलं, आणि पेन परत देऊन खाली गेली.

खालचे पाहुणे अजून पोहेच खात होते.