उत्सर्ग केलेले तळे

जलाशयोत्सर्ग हा विधी मी आयुष्यात एकदाच केला, आणि तो करावा असे सुचवणारा मीच होतो. हे आरंभीच लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण पुढे जे घडले त्याचा सगळा दोष कंपनीवर ढकलण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे.

तळे बांधणाऱ्याने त्या पाण्यावरचा आपला हक्क सोडायचा आणि ते समस्त जीवांना अर्पण करायचे, असा हा प्राचीन विधी. त्यानंतर ते पाणी माणसाने, गुरांनी, पाखरांनी, कोणीही प्यावे. विधीच्या शेवटी गाय पाण्यात उतरवतात आणि यजमान तिचे शेपूट धरून मागोमाग चालतो. पाठशाळेत असताना घोटीकडच्या एका गावी माझ्या गुरुजींनी नव्या तळ्याचा उत्सर्ग केला, तेव्हा त्यांची पळी-पंचपात्री मी सांभाळली होती. त्यानंतर सत्यनारायण, वास्तुशांती, लग्ने, मुंजी यांत वर्षे गेली. उत्सर्गासाठी मला कोणी बोलावले नाही. तळी बांधणारेच उरले नव्हते.

नव्वदचे दशक सरत आले होते. अंबडच्या पुढे एका कारखान्याने आपल्या आवारात तळे केले. कारखान्यातील वापरलेले पाणी स्वच्छ करून त्यात सोडायचे आणि तळे भरले की जादा पाणी कुंपणाखालच्या नळातून बाहेरच्या ओहोळाला मिळायचे, अशी योजना होती. कंपनीचा जनसंपर्क अधिकारी पंचवटीत माझ्या घरी आला. तरुण, अदबीने बोलणारा गृहस्थ. म्हणाला, "गुरुजी, पर्यावरण दिनाला उद्घाटन आहे. नारळ काय, कोणीही फोडेल. आम्हाला काहीतरी वेगळं हवंय."

मी त्याला उत्सर्गाची सगळी कथा सांगितली. तो वहीत उतरवून घेत होता, आणि ते लिहिणे पाहून मी अधिकच रंगून सांगत होतो. जाताना त्याने विचारले, "ह्याचा मराठीत एका ओळीत अर्थ द्याल का? फलकावर टाकू." मी क्षणाचाही विचार न करता दिला: 'हे जल सर्व जीवांच्या पानासाठी अर्पण केले आहे.'

समारंभाच्या दिवशी मंडप, सनई, नव्याने हिरवे रंगवलेले नळ आणि कुठूनतरी आणलेली चार बदके असा थाट होता. कंपनीच्या अध्यक्षांनी भाषणात सांगितले की पृथ्वी तापते आहे, ऋतू बिघडत आहेत, आणि आपण आज काही केले नाही तर नातवंडे आपल्याला विचारतील. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि तेच मला पुढे अधिक सलत राहिले.

गाय शेजारच्या वस्तीवरून आणली होती. तिला घेऊन आलेली बाई पन्नाशीची, अंगाने काटक. गाय काठापर्यंत आली, तिने पाणी हुंगले आणि चारही पाय रोवले. दोघांनी मागून रेटले, एकाने दावे ओढले. ती तसूभर हलेना.

"मंडपाला बुजली," अधिकारी म्हणाला.

"मंडपाला नाय बुजत ती," बाई म्हणाली. "लग्नाच्या बँडपुढनं सरळ चालती."

लोक हसले. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मुहूर्त सरत होता, पाहुणे उन्हात उभे होते, छायाचित्रकार गुडघ्यावर बसला होता. मी म्हणालो, "शास्त्रात पर्याय असतो." गायीच्या शेपटाला सूत बांधून त्याचे दुसरे टोक पाण्यात बुडवले आणि ते ओले टोक अध्यक्षांच्या हाती देऊन त्यांना काठाकाठाने सात पावले चालवले. मुख्य वस्तू न मिळाल्यास प्रतिनिधी घ्यावा, हे शास्त्रसंमत आहे. परंतु येथे गाय मिळाली नव्हती असे नव्हते. ती नकार देत होती. हा भेद मला त्याच क्षणी कळला होता, हे मी आज लपवीत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले. त्यात माझा उजवा हात आशीर्वादासारखा वर होता. सौभाग्यवतींनी ते कापून पोथीत ठेवले. मी ते काढून दुसरीकडे ठेवले, मग पुन्हा पोथीत ठेवले. त्या दिवसांत जपाची माळ हातात फिरत राही आणि मन त्या काठावर.

पाऊस त्या वर्षी लांबला. एके सकाळी गाय आणणारी तीच बाई पत्ता विचारत दारात आली. बस म्हटले तरी बसली नाही.

"बाबा, एकच इचाराया आले. कंपनीनं आमच्या अंगाला, नळापाशी पाटी लावली. तुम्ही पाणी सोवळं केलं म्हणून आमच्या बाया आता तिथनंच हंडे भरत्यात. आधी कोणी हात लावत नव्हतं. प्वारं पित्यात ते. माझी गाय मातर अजून तोंड लावत नाय. मंग खरं कोणाचं, तुमचं का तिचं?"

मी तिला समजावू लागलो की हा विधी त्यागाचा आहे, शुद्धीचा नव्हे. मंत्राने पाण्यावरचे स्वामित्व सुटते, पाण्यातील दोष जात नाही. माझे विवेचन निर्दोष होते. तिने ते पुरते ऐकून घेतले.

"हे मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "त्या बायांना सांगा की."

आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, खरंच बोलतेय ती."

तरी मी वस्तीवर गेलो नाही. आधी कंपनीत गेलो. माणूस आपली चूक दुरुस्त करण्याआधी ती दुसऱ्याच्या हातून दुरुस्त होते का, हे पाहतो. अधिकाऱ्याने चहा मागवला आणि तपासणीच्या अहवालांची फाइल पुढे ठेवली.

"गुरुजी, कागद सगळे व्यवस्थित आहेत."

"हे पाणी तुम्ही प्याल का?"

तो हसला. "अहो, ते पिण्यासाठी नाहीच मुळी! बागेसाठी आहे."

"मग फलकावर तसे का नाही?"

"फलक तुमच्याच शब्दांत आहे, गुरुजी. आम्ही एक अक्षर बदललेलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेबांना फार आवडलाय तो. परदेशी पाहुणे आले की तिथे उभं करून फोटो काढतात. आता काढा म्हणून कोण सांगणार?"

'पानासाठी', म्हणजे पिण्यासाठी, हा शब्द खरोखरच माझा होता.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्या आटोपून बसने गेलो आणि पुढे ओहोळाच्या कडेने चालत वस्ती गाठली. नळापाशी सात-आठ बाया हंडे लावून होत्या. पाणी दिसायला नितळ होते. वास मात्र औषधाच्या बाटलीसारखा. गाईवाली माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मी बोलू लागलो. स्वामित्व, त्याग, प्रतिनिधी. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"साधं बोला, बाबा," गाईवाली कुजबुजली.

मी हात जोडून म्हणालो, "माझं चुकलं. हे पाणी पिऊ नका. मी ते शुद्ध केलेलं नाही, मला ते करता येत नाही."

एक तरुण सून पदर खोचत म्हणाली, "आता काय बाई! पेपरात हात वर केला व्हता, आन् आज हात जोडून उभे!" सगळ्या हसल्या. मीही हसलो असतो, पण ओठ वळेनात.

हसणे थांबल्यावर एका म्हातारीने विचारले, "विहीर तळाला गेली. टेकडीपल्याड दुसरी हाय, तिथं जायाला यायला सकाळ जाती. मंग पाणी तुम्ही आणून देता का?"

मी पाटीकडे पाहिले. माझी ओळ हिरव्या अक्षरांत, खाली कंपनीचे पान-फुलांचे चिन्ह. ती पुसल्याशिवाय मला तिथून हलता येणार नव्हते. मी गाईवालीकडे चुना मागितला. चुना नव्हता, तिने टोपलीभर शेण आणून दिले. मी सोवळ्याचा माणूस, पण शेणाला कसला विटाळ? दोन्ही हातांनी मी माझी ओळ सारवली.

कुंपणाच्या आतून पहारेकरी ओरडला, "ओ आजोबा, काय चाललंय?"

"सारवतोय की! दिसत नाय?" सुनेने उत्तर दिले.

पाटी दोन दिवसांत धुतली गेली. मी पुन्हा गेलो. तिसऱ्या वेळी सुनेने ती आधीच सारवून ठेवली होती. पण पाटी झाकल्याने हंडे भरत नाहीत. म्हणून टँकरसाठी अर्ज लिहिला, बायांचे अंगठे घेतले आणि पंचायत समितीत खेटे घातले. तिथला कारकून म्हणाला, "आजोबा, त्या वस्तीला पाणी आहे ना? पेपरात आलं होतं." ते छायाचित्र मी पोथीतून काढून पिशवीत आणले होते. मी ते त्याच्या टेबलावर ठेवले आणि त्यातला माणूस मीच, तो चुकला होता, असे त्या अर्जाखाली लिहून सही केली. मधल्या दिवसांत काही बाया टेकडीपलीकडे जात होत्या, काही उकळून तेच पाणी घेत होत्या. कोणाचे मूल जुलाबाने पडले की तो नळ मला डोळ्यांपुढे दिसे.

टँकर आला त्या सकाळी मी तिथे होतो. हंड्यांची रांग लागली, पण पहिली बाई थबकली आणि मागे वळून म्हणाली, "बाबा, हे तरी प्यावं ना?"

सगळ्या थांबल्या. 'हो' म्हणून मान डोलवायचा मला फार मोह झाला.

"मला कळत नाही," मी म्हणालो. "पाणी ह्या टँकरवाल्याने आणले आहे. त्याला विचारा."

तेव्हा सगळ्या बाया टँकरवाल्याभोवती जमल्या. कुठून भरलास? कधी भरलास? टाकी आतून कोण धुतं? तो वैतागून म्हणाला, "बायांनो, भरायचं तर भरा, मला अजून दोन गावं करायचीत!"

"मंग आधी तूच पी," म्हातारी म्हणाली आणि त्याच्या हातात तांब्या दिला.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी मध्ये पडलो नाही.