बघायला आलेल्यांचा ॲडव्हर्ब

काड्यापेटीतून काडी काढायची, तिनं कान कोरायचा, आणि त्याच काडीचं टोक इंग्रजी वाक्यावर टेकवून समोरच्या पोरीला विचारायचं, "सांग, यात ॲडव्हर्ब कोणता?" असा माणूस मी या डोळ्यांनी बघितलाय. समोरची पोर मीच होते. आता ऐंशीला टेकले, तरी ती काडी आठवली की तोंडातला घास तोंडातच फिरतो. शी!

ॲडव्हर्बचं आणि माझं नातं त्याच्या आधीपासूनचं, आणि ते बाबांमुळं. बाबा निजामाच्या अमलात तहसील कचेरीत कारकून होते. सगळा कारभार उर्दूत. त्यांचं उर्दू अक्षर बघायला लोक टेबलाशी थांबायचे. पोलीस ॲक्शन झाली आणि कचेरीतून उर्दू हळूहळू निघून गेली, तिच्या जागी इंग्रजी आणि मराठी कागद यायला लागले. पस्तिशी उलटलेला माणूस पुन्हा एबीसीडी गिरवायला बसला. बरोबरचे काहीजण नशिबाला बोल लावत राहिले. बाबांनी शहागंजच्या बाजारातून एक जुनं पुस्तक आणलं, त्यात इंग्रजी व्याकरण उर्दूतून समजावलं होतं. वाचलेलं डोक्यात राहावं म्हणून त्यांना ते कुणाला तरी समजावून सांगावं लागायचं. आईला वेळ नव्हता. म्हणून मी सापडले. औरंगपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी कंदिलापाशी बाबा शिकायचे आणि मी त्यांच्याकडून शिकायचे.

पुस्तकात ॲडव्हर्बला मुतल्लिक-ए-फेल म्हटलेलं. माझ्या शाळेतल्या बाई क्रियाविशेषण म्हणायच्या. आणि परीक्षेत ॲडव्हर्ब. बाबा म्हणायचे, "नावं तीन असू देत, आसामी एकच आहे. पकडता आली पाहिजे."

पकडायची त्यांची पद्धत अस्सल कचेरीतली. "आधी क्रियापदाला हजर कर. उभं कर समोर. आता त्याचा जबाब घे. काम कसं केलंस? कुठं? केव्हा? किती वेळा? जो शब्द उठून जबाब देईल तो ॲडव्हर्ब." आणि बोट वर करून ताकीद, "शेवटी 'ली' दिसलं म्हणून भुलायचं नाही. फ्रेंडलीला 'ली' आहे, पण तो ॲडव्हर्ब नाही. फास्टला 'ली' नाही, तरी घोडा कसा पळाला ते तोच सांगतो." ओळखणं झालं की वापरणं. ते एक वाक्य द्यायचे, "शी वॉक्स", आणि मी त्याला शेपूट जोडत जायचे. स्लोली. अलोन. हिअर. डेली. शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तिला आधी इकडं वॉक करत येऊ द्या, पोळ्या पडल्यात!"

उत्तर बरोबर आलं की बाबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास!" हा शब्द त्यांच्याकडून दुसऱ्या कशालाच मिळायचा नाही. मी शाळेत पहिली आले तरी नुसतं "बरं झालं". भाजी छान झाली तर तेही नाही. त्या एका शाब्बासकीसाठी मी पुस्तकच्या पुस्तक घोटून काढलं. मला इंग्रजी आवडायला लागलं ते असं, आणि मग ते सुटेना. मॅट्रिक झाले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: कॉलेजात जायचं आणि इंग्रजी घ्यायचं.

बाबांनी तोड काढली. "जूनमधे कॉलेजचे प्रवेश. तोवर स्थळ जमलं तर लग्न, नाही जमलं तर कॉलेज. हा माझा शब्द." आईनं कपाळावर हात मारला. मला मात्र ठाऊक होतं की बाबांचा शब्द म्हणजे सरकारी हुकूम, मागं फिरायचा नाही. म्हणजे आता माझं सगळं भवितव्य एका गोष्टीवर: जूनपर्यंत कुणालाही मी पसंत पडता कामा नये.

पहिले बघायला आले ते पैठणचे. तेव्हाच्या बघण्याच्या कार्यक्रमात, जनावराच्या बाजारात आणि आमच्या बैठकीत फरक एवढाच की बैठकीत सतरंजी असायची. चालून दाखव. केस मोकळे कर. सुईत दोरा ओव. आणि आता त्यात इंग्रजीची भर पडली होती. ज्यांच्या घरात इंग्रजी कागद फक्त भज्यांची पुडी बांधून यायचा, तेही मुलीला म्हणायचे, जरा इंग्रजी वाचून दाखव. पैठणच्यांनी वर्तमानपत्र पुढं केलं आणि मी मूर्ख, घडाघडा वाचलं! वर अर्थही सांगितला. बाबांनी तिथंच मांडीवर थाप मारली. चार दिवसांत होकार आला. पत्रिका जुळली नाही म्हणून वाचले. त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या वेळी ठोंब्या व्हायचं. येतंय ते सगळं गिळून बसायचं.

पुढचे आले गंगापूरचे. मुलगा इथंच एका सरकारी कचेरीत कारकून. बरोबर त्याची आई आणि मामा. मुलाला वडील नव्हते, त्यामुळं सगळा कारभार मामाचा. मामाची ऊसशेती, अंगठ्या दोन्ही हातांत, आणि इंग्रजी दोन-तीन इयत्ता झालेलं. ते आल्याआल्या सांगून झालं. "आम्हाला पोरगी शिकलेलीच पायजे बरं का," मामा म्हणाला, "आजकाल शिक्षणाबिगर काय खरं नाय." आई खूश. मी पोह्यांच्या आणि चिवड्याच्या बश्या ठेवून खाली मान घालून बसले.

मुलगा चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होता. उरलेला चिवडा बोटानं उकरत होता. मामानं काडी काढली आणि कान कोरायला घेतला, एक डोळा मिटून, तोंड अर्धं उघडं टाकून, अगदी तब्येतीत. काडी बाहेर काढून तिचं टोक उजेडात धरून बघितलं.  आणि माझे बाबा, कचेरीत ज्यांच्या टेबलाशी लोक अदबीनं उभे राहायचे ते माझे बाबा, या माणसापुढं हात जोडून म्हणत होते, "घ्या मामासाहेब, पोहे घ्या ना." त्या घडीला मला मामाइतकीच बाबांचीही चीड आली.

मग मामानं खिशातून कागद काढला. इंग्रजी वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा, घड्या पडून विरलेला, एका कोपऱ्याला हळदीचा डाग, सगळ्या कागदाला एक तेलकट कळा. "हा आमचा ठरलेला पेपर," तो हसत म्हणाला. "थोरल्या भाच्याच्या वेळंपासून हाय. लई पोरींनी वाचलाय." माझ्या आधी कितीजणी या कागदापुढं मान घालून बसल्या असतील, घामेजल्या बोटांनी तो धरला असेल, आणि हा मामा समोर बसून कान कोरत असेल! मला तो हातात धरवेना. मी तो सतरंजीवरच ठेवला.

त्यानं काडीचं टोक एका ओळीवर टेकवलं. वाक्य मला आजही पाठ आहे. "द मिनिस्टर अराइव्ह्ड लेट, स्पोक ब्रीफली अँड लेफ्ट इमीजिएटली."

"सांग, यात ॲडव्हर्ब कोणता?"

क्रियापदं तीन, तिघांचे जबाब शेजारीच बसलेले. एवढं सोपं वाक्य बाबांनी मला चौथीत असताना सुद्धा दिलं नसतं. मी तोंड शक्य तितकं बावळट केलं आणि म्हणाले, "मिनिस्टर."

बाबांनी झटकन माझ्याकडं बघितलं.

"बरं," मामा म्हणाला, "अजून एखादा?"

"द," मी म्हणाले.

बाबांना ठसका लागला. आईला यातलं काही कळत नव्हतं, पोरगी फटाफट उत्तरं देतेय म्हणून ती मान डोलावत होती. मला आतून गुदगुल्या होत होत्या. झालं, सुटले, आता जून माझा! मुलगा पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघून फिस्सकन हसला. मी मनात म्हटलं, हस बाबा हस, आणि जा.

मामानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि मांडी बदलून म्हणाला, "पोरगी पसंत हाय!"

मला वाटलं मी चुकून काहीतरी ऐकलं.

"तुम्ही म्हणाल, हे कसं?" मामा बाबांना समजावून सांगायला लागला. "अवो, थोरल्या भाच्याची बायको अशीच आणली, या कागदावर धडाधडा बोलली म्हणून. आता घरात कागद आला की आधी ती वाचती. मी बोललो की मधीच म्हणती, मामा, तसं नाय ते. तवापासून मी ठरवलं. मॅट्रिक पायजे, लोकांत सांगायला बरं असतं. पण आत काय नसलेलंच बरं. ज्या पोरीला उत्तर येतं ती आम्ही सोडून देतो. ही ब्येस हाय."

एवढं बोलून त्यानं तीच काडी, तीच, दातांत घातली आणि पोह्यांचा कण काढू लागला.

मुलगा लाजत म्हणाला, "मी शिकवीन हिला. हळूहळू."

सगळे हसले. मुलाच्या आईनं माझ्या आईला म्हटलं, "कुंकवाचा करंडा आणा, अन् वाटीत साखर. तोंड गोड करूनच जाऊ." आई उठलीसुद्धा. बाबा खाली सतरंजीकडं बघत होते. त्यांना स्थळ हवंच होतं, आणि ते चालून आलं होतं. मी पाटावर बसून त्या मामाच्या तोंडाकडं बघत होते, त्या काडीकडं, आणि मला उभ्या जन्माचं जेवण दिसायला लागलं. रोज याला वाढायचं. रोज ही काडी. आणि येतंय ते गिळून बसायचं, आज एक दिवस नाही, कायमचं.  आईनं साखरेची वाटी आणून ठेवली.

मी मान वर केली आणि त्या मुलाला म्हटलं, "तुम्ही आत्ता 'हळूहळू' म्हणालात, ते क्रियाविशेषण. कसं शिकवाल, ते सांगतं."

"आं?" मुलगा म्हणाला.

"आणि मामांच्या कागदात तीन आहेत. मंत्री आला केव्हा? लेट. बोलला किती? ब्रीफली. गेला केव्हा? इमीजिएटली. मिनिस्टर हे नाम. आणि मामा, काडी कानातली आहे, ती तोंडातून काढा."

 थाप वाजली. बाबांची, मांडीवर.

"शाब्बास!"

शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला होता. ते स्वतःच दचकले. हात तसाच मांडीवर राहिला. आई डोळ्यांनी, हातांनी, सगळ्या अंगानं त्यांना खुणावत होती, की काहीतरी बोला, पोर घाबरली होती म्हणा, थट्टा केली म्हणा. सावरून घेता आलं असतं. बाबा बोलले नाहीत.

"म्हंजी येत होतं व्हय हिला?" मामा लालबुंद झाला. "आन् आम्हाला बनवलं? अन् बाप शाब्बासकी देतोय! उठा, चला!" मुलाच्या आईनं साखरेकडं एकदा बघितलं आणि ती उठली. मुलानं जाताजाता आणखी मूठभर शेंगदाणे उचलले. कागद त्यांनी नेला. काडी मात्र पोह्यांच्या बशीत टाकून गेले. आईनं ती बशी राखेनं घासली, पुन्हा घासली, आणि शेवटी उकिरड्यावर टाकून आली. मग ती रडायला बसली.

बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. शब्द दिला होता खरा, पण एवढी बेअब्रू झाल्यावर कुठला बाप शब्द पाळतो? गंगापूरहून शहरभर बातमी जायला वेळ लागणार नव्हता. संध्याकाळी त्यांनी कंदील पेटवला, काच पुसली, आणि मला हाक मारली. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"स्थळ गेलं त्याचं मी बघून घेईन," ते म्हणाले. चांगलेच चिडले होते. "पण माझ्या देखत तू चुकीचं उत्तर दिलंस. माझ्या देखत!"

"बाबा, मी मुद्दाम..."

"मुद्दाम असो की काही असो. उद्या कॉलेजात कुणी विचारलं आणि अशी बोललीस, तर लोक काय म्हणतील? हिच्या बापानं हेच शिकवलं का, म्हणतील." त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. "मिनिस्टर म्हणालीस, ते एक वेळ मी समजून घेतो. पण 'द', पोरी? 'द'?"