परतसांगा काकांचं स्वतःचं खरेदीखत

आमच्या ह्यांना नोंदणी कार्यालयात सगळे परतसांगा म्हणतात. तोंडावर काका, पाठ वळली की परतसांगा. मला हे कळलं लग्नानंतर बारा वर्षांनी, तेही एका दलालाच्या तोंडून, आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा चहा अर्धा टाकून उठला. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे आपले हसताहेत. म्हणे, कामावरून नाव पडलंय ना, कानावरून तर नाही पडलं. ह्यांचे कान मोठे आहेत.

ह्यांचं काम दस्त लिहिण्याचं. कार्यालयाच्या जिन्याखाली एक टेबल, दोन खुर्च्या, शिक्क्यांचा डबा आणि वर एक पंखा, जो हवा कमी आणि आवाज जास्त देतो. तिथे बसून एकतीस वर्षं हे लोकांची खरेदीखतं लिहिताहेत. शेजारच्या टेबलावरचे लोक जुना दस्त काढतात, नावं बदलतात, क्षेत्रफळ बदलतात आणि दुपारपर्यंत चार दस्त मोकळे करतात. आमच्या ह्यांचा दिवसाला एक झाला तरी डोक्यावरून पाणी. कारण ह्यांची पद्धत. आदल्या दिवशी घर बघायला स्वतः जाणार. दारं-खिडक्या मोजणार, नळ सोडून बघणार, बाजूची भिंत कोणाची ते विचारणार. दुसऱ्या दिवशी सह्यांच्या आधी घर विकणाऱ्याला समोर बसवून अख्खा दस्त मोठ्याने वाचणार. एक कलम झालं की चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, आता तुमच्या शब्दांत परत सांगा.

मग समोर कोणी का असेना. एकदा एका वकिलालाच परत सांगायला लावलं. तो लालबुंद झाला आणि वर दोनदा चुकला. तेवढ्यात पुकारलेला नंबर निघून जातो, साक्षीदार जांभया देतात, दलाल कपाळावर हात मारून घेतात. मीही खूप बोललेय. अहो, लोकांना वाचता येतं, तुम्ही काय शाळा घेता? तर म्हणाले, घर विकताना माणूस वाचत नाही गं, मान हलवत असतो आणि मनात घरातूनच फिरत असतो.

आणि अशा ह्या माणसाच्या संसारात मी सात घरं बदलली. सगळी भाड्याची. दर वेळी तेच दोरखंड, तीच खोकी, तेच कपाट, ज्याचा एक पाय तिसऱ्या घरी राहिला तो राहिलाच. लोकांना घरं मिळवून देताना ह्यांचा जन्म गेला आणि मी मात्र जिथे जाईन तिथे घरमालकाचं तोंड बघत बसले. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा. फार यायचा.

सातवं घर वरच्या काकूंचं. छोटंसंच, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. खाली आम्ही, वर काकू एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात. काकूंचं आणि माझं छान जमायचं. त्यांना भाजी निवडायला कोणीतरी समोर लागायचं आणि मला बडबडायला. नऊ वर्षं आम्ही जिन्याच्या पायरीवर बसून जगाची उणीदुणी काढली.

मग एक दिवस मुलगा आला आणि खाली येऊन म्हणाला, घर विकायचंय, आईला मी माझ्याकडे नेतोय. विकीन तर अख्खं. तुम्हाला घ्यायचं तर तुम्ही घ्या, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. आठव्यांदा खोकी भरायची ताकद माझ्यात नव्हती. ह्यांनी दोन दिवस विचार केला, थोडी साठवण होती, थोडं कर्ज काढायचं ठरलं, आणि ह्यांनी हो म्हटलं. वर मला म्हणाले, दस्तात तुझं नाव आधी घालू. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

आता चूक कुठे झाली ते ऐका. हे म्हणाले, मी स्वतःच घेणारा, मी दस्त लिहिणं बरं दिसत नाही. मुलाच्या वकिलानेच लिहू दे. ठीक. पण आदल्या दिवशी घर बघायला जायचं असतं, विकणाऱ्याशी चार शब्द बोलायचे असतात, ते ह्यांनी केलं नाही. राहत्या घरात बघायचं काय, आणि काकू तर रोजच भेटतात! एकतीस वर्षांत एकदाही न मोडलेली पद्धत ह्यांनी मोडली ती स्वतःच्या घरासाठी.

काकूंशी बोलले नाहीत ते हे. मी बोलले होते. दस्ताच्या पंधरा दिवस आधी काकू भाजी निवडताना म्हणाल्या, जिन्याला कठडा बसवून घेते आता, म्हातारपणी चढायला बरा. वरच्या स्वयंपाकघरातला नळही बदलते म्हणाल्या. मी हो हो केलं. आत येऊन वकिलाचा कच्चा मसुदा पुन्हा पाहिला. तळमजला आणि वरचा मजला, संपूर्ण. काकूंना वाटत होतं त्या फक्त खालचं घर विकताहेत.

मी सांगायला हवं होतं. काकूंना, ह्यांना, कोणालाही. पण मुलगा म्हणाला होता ना, अख्खं नाहीतर नाही. मी तोंड उघडलं असतं तर ते गिऱ्हाईक आलं असतं आणि आम्ही बाहेर. मी स्वतःची समजूत घातली, मायलेकरांचं ते बघतील, मुलाकडे सुखात राहतील, आपण कोण मध्ये पडणारे. आणि पंधरा दिवस मूग गिळून बसले. रोज त्यांच्यासमोर बसून घेवडा निवडला.

दस्ताच्या दिवशी आम्ही सगळे जिन्याखाली जमलो. काकू, मुलगा, वकील, दोन साक्षीदार. आमचा नंबर चौदावा, आत अकरावा चालू. मी ह्यांच्या कानाशी लागले, आज नका वाचू, आपल्याच काकू आहेत. ह्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढली, काकूंना बसवलं आणि वाचायला लागले. पहिलं कलम नावांचं, दुसरं पत्त्याचं. काकूंनी दोन्ही नीट परत सांगितली. तिसरं कलम मिळकतीचं आणि ताब्याचं. हे वाचून थांबले, चष्मा वर गेला.

काकू म्हणाल्या, "खालचं घर तुम्हा दोघांना दिलं. वर मी आहे तशी राहणार."

मुलगा म्हणाला, आई, मी तुला सांगितलं होतं. काकूंनी विचारलं, काय सांगितलं होतंस? त्यावर तो गडबडला. सगळं मी बघतो एवढंच सांगितलं होतं, असं म्हणाला. वाईट नव्हता हो तो. आईला जवळ न्यायचं होतं, सह्या झाल्या की ऐकेल असं धरून चालला होता.

ह्यांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

मला खोटं बोलता येतं. दूधवाल्याशी, नातेवाइकांशी, अगदी डॉक्टरशीही बोलते. पण काकू माझ्याकडे बघत होत्या.

"होतं," मी म्हणाले.

चौदावा नंबर पुकारला, तो आम्ही जाऊ दिला. काकू मुलाचा हात धरून निघून गेल्या. घरी आल्यावर मी वाट बघत होते की हे आता बोलतील, मग बोलतील. भांडले असते तर मी चार शब्द उलट बोलले असते, बरं वाटलं असतं. हे जेवले, ताट उचललं, घासून ठेवलं. काकूही खाली उतरेनाशा झाल्या. भाजी त्या वर एकट्याच निवडायच्या. मी खोकी जमवायला लागले. आता इथे कोण ठेवून घेतंय आम्हाला, असंच मला वाटत होतं.

दीड महिन्याने काकूंनी ह्यांना वर बोलावलं. त्यांनी मुलाला स्वतःच सांगून टाकलं होतं, घर माझ्या नावावर आहे, खालचं विकणार, वरचं माझ्या पश्चात तुझं. ह्यांना म्हणाल्या, ह्या वेळी तुम्हीच लिहा, भाऊ. हे म्हणाले, मी घेणारा आहे, माझ्या हातचं बरं दिसणार नाही. काकू म्हणाल्या, दिसण्याचं जाऊ द्या, समजण्याचं बघा.

मग ह्यांनी रीतसर घर पाहिलं. आपल्याच खोल्यांत टेप धरून फिरले, आपल्याच खिडक्या मोजल्या, जिना कोणाचा किती ते लिहिलं. वर जाऊन काकूंशी दोन तास बोलत बसले. मी खाली पायरीवर बसून होते, मला कोणी बोलावलं नाही.

पुन्हा तेच टेबल, तोच पंखा. नंबर नववा. हे वाचत गेले, काकू परत सांगत गेल्या. खालचं ह्यांचं, वरचं माझं, जिना दोघांचा, गच्ची माझी. लिहून घेणाऱ्यांची, म्हणजे घर घेणाऱ्यांची, नावं आली, त्यात माझं पहिलं. मला राहवेना. मी म्हटलं, अहो, माझं नाव काढा. मला खरंच ते नको झालं होतं. हे थांबले आणि काकूंकडे बघायला लागले.

दीड महिन्यात काकू पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"राहू दे नाव. वर कोण राहतं हे खालच्या मालकिणीला माहीत असलेलं बरं."

ह्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. अक्षर वाकडं आलं. ह्यांनी दुसरा कागद काढला नाही.