शेंदराखालची ओळ

बागलाण संपून खानदेश लागतो त्या शिवेवर आमचा किल्ला. एकेकाळी इथून पलीकडच्या राज्यावर नजर ठेवायचे म्हणे. माझ्या वेळी फक्त मालेगावची एसटी दिसायची, तीही दिवसातून दोनदा. वडील किल्ल्यावर पहारेकरी होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते गेले आणि दरवाजातली त्यांची जागा मला मिळाली. पाऊस सरला की वर कुणी फिरकायचं नाही. दिवसचे दिवस तोंड उघडायला मिळायचं नाही, मग मी भिंतीशीच भांडायचो.

चुकून आलेला पाहुणा हमखास विचारायचा, "इथे पूर्वी कोण राहायचं?" पाटीवर दोनच ओळी होत्या आणि त्यात सगळे राजे. राजांशी मला काय करायचंय? या उंबऱ्यावर माझ्याआधी कोण एकटं बसलं, तेवढंच मला हवं होतं.

दरवाजाच्या कोनाड्यात एक शिळा होती. तिला आम्ही देव मानायचो. दर दसऱ्याला वडील तिला तेल-शेंदूर लावायचे, त्यांच्यामागे मी लावत राहिलो. दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात शेंदराची जाड खोळ गळून पडली आणि खाली अक्षरं दिसली, उर्दूसारखी. मला काय करू नि काय नको झालं. उरलेला शेंदूर निघेना, म्हणून तारेचा ब्रश आणून दोन दिवस शिळा घासली. मग मालेगावच्या एका निवृत्त मास्तरांना गाठलं. त्यांना फारसी यायची.

मास्तर धापा टाकत चढले. चष्मा पुसून त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"भाऊ, हे राजाचं नाही. दरवाजावरच्या पहारेकऱ्याचं आहे. लिहिलंय, बापाच्या मागे मी इथे बसलो, माझं नाव..." बोट थांबलं. "पुढे दगड सपाट झालाय. घासला कुणी?"

"मीच."

"शेंदरानं सांभाळलं होतं हो इतकी वर्षं," ते हळूच म्हणाले.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्यांना एसटीत बसवून मी वर आलो आणि शिळेपुढे बसून रडलो. आयुष्यात एक सोबती मिळत होता, त्याला मी स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं.

त्या दसऱ्याला पुन्हा शेंदूर लावला. हात त्या सपाट जागेवर आला तेव्हा मी वडिलांचं नाव घेतलं. दुसरं कुठलं मला ठाऊक नव्हतं.