गालाला गार लागलेला रांजण

वारज्यात एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारची पत्र्याची शेड भाड्याने घेऊन मी मातीची भांडी करायचे. 'करायचे' म्हणतेय, यातच सगळं आलं.

त्या वर्षी आमच्या ह्यांना कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती ह्यांची. दोन मुली शिकत होत्या आणि माझ्या कमाईत शेडचं भाडं नि गॅस एवढंच कसंबसं भागायचं. एका शाळेत हस्तकलेच्या बाईंची जागा रिकामी होती. दसऱ्यापर्यंत कळवा म्हणाले होते. तेवढ्यात हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने दिवाळीत वाटायला दोनशे कप सांगितले. पुढेही काम देऊ म्हणाले. ह्यांनी शांतपणे सांगितलं, कप वेळेत गेले तर शेड ठेवू, नाहीतर तू शाळा धर. मी हो म्हटलं खरं, पण शाळेचा नुसता विचारही नकोसा व्हायचा. आइस्क्रीमच्या काड्यांची घरं करून घ्यायची, आणि तीही साठी येईपर्यंत.

कंपनीतल्या मुलीला कप हॅण्डमेड हवे होते, पण सगळे एक्झॅक्टली सेम. म्हणजे हाताने करा, पण हात दिसू देऊ नका. दीड महिना मी तेच केलं. एकच उंची, एकच कान. पन्नासाव्या कपानंतर मला माझ्याच हातांचा राग यायला लागला.

मग दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी चोरून एक रांजण करायला घेतला. कोणापासून चोरून, देव जाणे. शेडमध्ये मी एकटीच तर असायचे. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत गुडघ्याएवढा उंच केला. अंगठ्याएवढी जाड भिंत, त्यावर बोटांचे ठसे तसेच ठेवलेले. त्याचा उपयोग काय विचाराल, तर काही नाही. पण दिवसातला तेवढा एक तास मला बरं वाटायचं.

आमच्या कामात एक साधी परीक्षा असते. भाजण्याआधी भांड्याला गाल लावून बघायचा. गार लागलं तर आत ओल आहे. ओलं भांडं भट्टीत गेलं, की पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं. एकटं नाही, शेजाऱ्यांना घेऊन फुटतं. कधी कोणी शिकायला आलं, तर हे मी पहिल्याच दिवशी बजावायचे.

भाद्रपदातला पाऊस काही उघडत नव्हता. कप पातळ, ते वाळले. एकट्या रांजणासाठी वेगळी भट्टी पेटवणं परवडणारं नव्हतं, आणि कप रचल्यावर मधोमध जागा उरली होती. उरली कसली, मीच ठेवली होती. वाकून रांजणाला गाल लावला. गार लागला. दुसरा गाल लावला. हवाच गार आहे, पत्रा गळतोय, सगळंच गार लागणार, अशी स्वतःची समजूत घातली आणि भट्टीचं दार लावून गॅस पेटवला.

अकराच्या सुमारास आत धप्प असा आवाज झाला. मग कप ठेवलेल्या फळ्या ढासळल्याचा. गॅस बंद केला आणि मी तिथेच जमिनीवर बसले. भट्टी निवेपर्यंत दार उघडता येत नाही. तो दीड दिवस मी कसा काढला, माझं मला माहीत. उघडली तेव्हा निम्म्याहून जास्त कप गेले होते. नव्याने करायला वेळ नव्हता. कंपनीतल्या त्या मुलीने 'नो इश्यूज, मॅम' म्हणत मशीनचे कप मागवले. सगळे एक्झॅक्टली सेम.

घरी मी सगळं खापर बर्नरवर फोडलं. आच एकदम भडकली, असं सांगितलं. ह्यांनी विश्वास ठेवला. एवढंच नाही, तर म्हणाले, यात तुझी काय चूक, शाळेला इतक्यात कळवू नकोस, मी गणिताच्या शिकवण्या घेतो, वर्षभर बघू. मी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

रविवारी हे शेड आवरायला आले. कंपनीत ह्यांचं कामच मालाच्या तपासणीचं; हात गप्प बसेनात. झाडता झाडता तुकड्यांचे दोन ढीग केले, पातळ एकीकडे, जाड एकीकडे. मग एक जाड तुकडा उचलला. त्यावरच्या खळग्यात स्वतःचं बोट ठेवून पाहिलं.

"हा एवढा जाड कप कोणासाठी होता?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

ह्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तुकडा माझ्या हातात दिला आणि पुन्हा झाडू घेतला. मी सवयीने तो गालाला लावला. ठणठणीत कोरडा होता.

दसऱ्याला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत फोन केला.